डाव्या पंखाचे डॉक्टर

मला सरकारी नोकरी लागली ती आमच्या गावच्या ढोरांच्या डॉक्टरांमुळे, असं आमच्या नात्यात अजून सांगतात. लग्नाकार्यात एखादी मावशी माझी ओळख करून देताना त्यांचा विषय हमखास काढते आणि पदर डोळ्यांना लावते. मी वाद घालत नाही. पण त्या दिवशी मैदानावर मावशी नव्हती, मी होते. आणि माझ्या आठवणीप्रमाणे ती नोकरी हातची जवळजवळ गेली होती ती याच डॉक्टरांमुळे.

आमचं गाव इंझोरीच्या अलीकडे, रस्त्याला लागून. गावात गुरांचा दवाखाना आहे. डॉक्टर तिथे बदलून आले आणि तिथेच राहिले. बदली टळावी म्हणून लोक खटपटी करतात. डॉक्टरांना ती वेळ आली नाही, कारण त्यांच्या जागी यायला कुणी तयार नव्हतं. डॉक्टर म्हणून त्यांच्यात खोट काढायला जागा नव्हती. गाय अडली, म्हैस फुगली, की माणूस चप्पल शोधत बसायचा नाही, तसाच निघायचा. अडचण गाय मोकळी झाल्यावर सुरू व्हायची. वासरू चारी पायांवर उभं राहीपर्यंत डॉक्टर हात धुऊन गोठ्याच्या छपराकडे बघत उभे असत.

"तो कोपऱ्यातला बांबू," ते म्हणत, "काढता येईल काय?"

ज्यानं नुकतीच गाय वाचवली त्याला नाही कसं म्हणायचं? गावातले निम्मे गोठे त्या काळात एका अंगाला झुकले होते आणि लोक त्याचा दोष वाऱ्याला देत. शेकोटीचा धूर खाल्लेला जुना बांबू पुन्हा ओलावा धरत नाही, असं डॉक्टरांचं ठाम मत होतं. त्यांची सगळीच मतं ठाम असत. 

हे वेड मेळघाटातलं. तिथे नोकरीला असताना कुणाचा तरी बैल वाचवला म्हणून त्या माणसाने त्यांना बांबूचं धनुष्य दिलं होतं. बाकीचे लोक मेळघाटातून मध आणतात. डॉक्टरांनी हे आणलं, आणि त्यासाठी बाण करायला बसले ते आजतागायत उठलेले नाहीत.

त्यांना स्वतःला धनुष्य अजिबात चालवता येत नसे. दवाखान्यामागे त्यांनी गवत भरलेलं पोतं टांगलं होतं आणि त्यावर चुन्याचा गोल काढला होता. गावातला बकऱ्या राखणारा म्हातारा आपल्या बकऱ्या नेमक्या त्या पोत्याच्या बुडाशी बांधायचा. परिसरात तेवढीच जागा धोक्याबाहेर होती. एकदा डॉक्टरांचा बाण ग्रामपंचायतीच्या 'स्वच्छ गाव' या पाटीतल्या 'स्व'मध्ये जाऊन रुतला. तो काढायला कुणी चढलं नाही. पुढे कितीतरी दिवस आमच्या गावाने बाहेरून येणाऱ्यांचं स्वागत त्या बाणासकट केलं.

डॉक्टरांना याचं काही वाटत नसे. "मारणं हाताचं काम आहे," ते म्हणत. "हात कोणालेबी असतात. बाण जुळवणं डोक्याचं काम आहे."

माझा हात त्यांना तुरीच्या शेतात सापडला. मी मामाच्या शेतात गोफणीने पोपट उडवत होते. डॉक्टरांनी मोटरसायकल बांधाला लावली आणि बराच वेळ बघत उभे राहिले.

"कोणाची पोरगी तू?"

"कंडक्टरची."

"डावा खांदा वर काहून करते?"

मी म्हटलं, पोपटांनी अजून तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी हजर. बाबा एसटीत कंडक्टर. ड्यूटीवरून येऊन नुकतेच पाय धूत होते. त्यांनी जय भीम घातला आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ढोर तर नाही आमच्याकडं."

"ढोर नाही," डॉक्टर म्हणाले, "तुमची पोरगी पाह्यजे."

आई आतून लाटण्यासकट बाहेर आली. डॉक्टरांना आपण काय बोललो याचा पत्ता नव्हता. ते बाबांच्या खाटेवर बसून धनुर्विद्येवर बोलू लागले. बाबांनी त्यातलं एकच वाक्य ऐकलं. खेळात नाव काढलं तर सरकारी नोकरीत राखीव जागा असते, हे ते वाक्य. त्यांनी ते परत म्हणायला लावलं.

"यानं नोकरी लागते म्हणता?"

"लागते म्हणतात," डॉक्टर म्हणाले. ज्या गोष्टीत आपल्याला रस नाही तिच्याबद्दल माणूस बोलतो तसं ते बोलले.

अशी मी डॉक्टरांच्या हाताखाली लागले. मला वाटलं होतं, हा माणूस मला धनुष्य शिकवणार. त्यांनी मला बाणांसाठी चिरलेल्या बांबूच्या काड्या बघायला बसवलं. मारायला मी मेळघाटच्या त्या धनुष्याने पोत्यावर आपलीआपणच शिकले.

"सहा बाण म्हणजे सहा बाण नाही," हे त्यांचं पालुपद. "एकच बाण, सहा वेळा."

म्हणजे असं की, बाण सुटताना दोरीच्या धक्क्याने सापासारखा वाकतो, धनुष्याला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. काडी जास्त कडक असली तर वळसा पुरा होत नाही आणि बाण डावीकडे जातो. नरम असली तर तो जास्त वळतो आणि उजवीकडे जातो. सहाही काड्यांचा वाक सारखा पाहिजे, वजन सारखं पाहिजे, आणि ते सगळं मारणाऱ्याच्या ओढीला जुळलं पाहिजे. डॉक्टर दोन खिळ्यांवर काडी ठेवत, मधोमध लोखंडी वजन अडकवत आणि ती किती वाकते ते शेजारी लावलेल्या पट्टीवर बघत. बघताना श्वास रोखत. मलाही रोखायला लावत. माझ्या वयाच्या मुली त्या दिवसांत मोबाईलवर काय काय बघत होत्या. मी एक काडी वाकताना बघत होते.

बहुतेक काड्या नापास व्हायच्या. नापास काड्या आई घेऊन जायची आणि वांग्यांना आधार म्हणून लावायची. आमच्याइतकी ताठ उभी वांगी तालुक्यात कुणाकडे नव्हती.

पास झालेल्या काड्या वजनाला जात. दवाखान्यातला काटा शेळ्यांसाठी होता, म्हणून डॉक्टर गठ्ठा बांधून कारंज्याला सोनाराकडे जात. सोनार पहिल्यांदा हसला, दुसऱ्यांदा हसला नाही, आणि मग दुकानाचं दारच ओढून घेऊ लागला. "डॉक्टर, लोकं इथं पोरीच्या लग्नाचं सोनं घेऊन येते," तो एकदा माझ्यादेखत म्हणाला. "तुमी बसले काड्या तोलत. गिऱ्हाइकाले वाटते, मीच काही तरी खोटं करून राह्यलो." डॉक्टरांनी शांतपणे पुढची काडी पारड्यात ठेवली आणि त्यालाच हात हलवू नको म्हणून सांगितलं.

पण गावाला सर्वांत जास्त छळलं ते पिसांनी. बाणाच्या शेपटीला तीन पिसं, आणि तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची. डाव्याची आणि उजव्याची मिसळली तर बाण गोंधळतो. डॉक्टरांनी डावा पंख ठरवला. काहून डावा, असं विचारलं तर म्हणाले, कोंबडीला उजव्याचं जास्त काम पडतं. याला शास्त्रात आधार नसावा, पण ते पशुवैद्य होते, त्यामुळे कुणी बोललं नाही. लसीकरणाच्या दिवशी बाया कोंबड्या घेऊन रांगेत बसत. डॉक्टर सुई टोचत, आणि कोंबडी परत देण्याआधी डावा पंख उघडून एक-दोन पिसं हलकेच काढून घेत. गावभर एका बाजूने विरळ झालेल्या कोंबड्या फिरू लागल्या. शेजारच्या काकू म्हणायच्या, "बिमारी परवडली बाप्पा, पण डॉक्टर नको." तरीही त्या कोंबडी घेऊन यायच्या, कारण लस मात्र डॉक्टर चुकवत नसत.

हे जुळवण्याचं खूळ बाणांपुरतं राहिलं असतं तर बरं होतं. ताईला बघायला पाहुणे आले तेव्हा डॉक्टर योगायोगाने आमच्या ओसरीवर काड्या निवडत बसले होते. मुलगा रिसोडच्या बाजारात हमाली ठेकेदाराकडे हिशेब बघायचा. कमी बोलायचा, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. पाहुणे गेल्यावर डॉक्टरांनी न विचारता निकाल दिला.

"पोरगा कडक आहे. वाकत नाही. तुमची पोरगी नरम. हे जोडपं एका दिशेनं जात नाही."

ताईने सगळं ऐकलं आणि त्याच मुलाशी लग्न केलं. भाऊजी आज इतके वाकतात की ताईने हाक मारायच्या आधीच उठून उभे राहतात, आणि नरम ताईपुढे सासरच्या कुणाची बोलायची छाती नाही. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, माणसाचं लाकूड वेगळं.

माझे बाण जुळायला पुरता उन्हाळा गेला. शेवटी डॉक्टरांनी एक बाण बिनपिसांचा मारायला लावला. पिसं लावली की बाणाच्या चुका झाकल्या जातात. उघडा बाण जसा आहे तसाच जातो. माझा उघडा बाण बाकीच्या पिसांच्या बाणांशेजारी, त्यांना चिकटून, चुन्याच्या गोलाच्या मध्यात बसला. डॉक्टर पोत्याजवळ गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. वळले तेव्हा त्यांचा चेहरा गाय सुखरूप मोकळी झाल्यावर असायचा तसा होता. मला शाबासकी मिळाली नाही. ती बाणांना मिळाली.

स्पर्धा अमरावतीला होती, आणि भर पावसाळ्यात. पहिल्या तिघींत आले तर पुढचं दार उघडणार होतं. राखीव जागा, अर्ज, बाबांनी मनात कधीच बांधून ठेवलेला सगळा इमला. बाबांनी रजा काढली. डॉक्टरांनीही काढली. आठवडाभर झड लागली होती. कपडे वाळत नव्हते, काडीपेटी पेटत नव्हती. बाणांना वार्निश लावू या का, असं मी विचारलं होतं. वार्निश सगळीकडे सारखं बसत नाही, वजन बिघडतं, असं डॉक्टर म्हणाले. शिवाय धूर खाल्लेला बांबू ओलावा धरत नाही.

त्याने धरला.

पहिल्या फेरीत माझा बाण निशाणाच्या पाटीच्या उजव्या कडेला लागला. मला वाटलं, हात चुकला. दुसरा त्याच्या शेजारी. तिसरा त्या दोघांच्या मध्ये. सहाच्या सहा उजव्या कडेला मुठीएवढ्या जागेत गोळा झाले. बाकीच्या मुलींचे बाण पाटीभर विखुरले होते, पण त्यात एखाद-दुसरा तरी मध्यात होता. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा मी यादीत खाली, बरीच खाली होते.

मैदानाला बांधलेल्या दोरीच्या पलीकडे डॉक्टर उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावरचा भाता काढून घेतला, एकेक बाण बोटाने वाकवून पाहिला, आणि सगळे आपल्या पिशवीत घातले.

"चल," ते म्हणाले.

"कुठं?"

"घरी. हे बाण आज बाण नाहीत. नरम पडले. यानं मारायचं नाही."

"डॉक्टर, अजून अर्धी स्पर्धा बाकी आहे."

"म्हणूनच म्हणून राह्यलो."

मी पिशवीला हात घातला. त्यांनी ती पोटाशी धरली. आजूबाजूचे लोक बघू लागले. मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत रडायच्या बेतात होते, आणि ज्या माणसासाठी वर्षभर काड्या वाकताना बघत बसले तो माणूस माझी पुढची सगळी वर्षं पोटाशी धरून उभा होता. तेवढ्यात बाबा डबा घेऊन आले. त्यांनी डबा खाली ठेवला. बाबांना एसटीत रोज भांडणं सोडवायची सवय. त्यांचा आवाज अशा वेळी खाली जातो.

"डॉक्टरसाहेब, पोरीचे बाण द्या."

"हे जुळून नाही राह्यले, समजून घ्या."

"आमी तरी कुठं कोणाशी जुळलो?" बाबा म्हणाले. "गावच्या टोकाले राहून राह्यलो ना. द्या."

डॉक्टरांनी दिले. त्यांचा हात मोकळाच राहिला, तसाच हवेत.

मी परत रेघेवर गेले. आणि मला पोपट आठवले. वारा असला की गोफण पोपटाच्या अंगावर सोडत नाहीत, बाजूला सोडतात. दगड आपोआप तिथे जातो. मी मधला पिवळा गोल सोडून दिला. पाटीच्या डाव्या कडेला कागद ठोकलेला एक खिळा होता, त्याच्यावर नेम धरला. बाण सुटला, उजवीकडे वळला आणि पिवळ्यात बसला. दुसराही. मग मी विचार करणं बंद केलं आणि फक्त खिळ्याकडे बघत राहिले. संध्याकाळी माझं नाव तिसरं पुकारलं गेलं. बाबा खुर्चीवर चढून टाळ्या वाजवत होते.

डॉक्टर बसमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले. कारंजा येईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. तिथे लोक चहाला उतरल्यावर ते माझ्याजवळ आले.

"तू खोट्यावर नेम धरला."

"मग काय करायचं होतं?"

"हरायचं होतं," ते म्हणाले, आणि जाऊन बसले.

त्या बसमध्येच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माझी युक्ती चालली ती सहाही बाण अगदी एकसारखे चुकत होते म्हणून. दुसऱ्या कुणाच्या भात्यातले असते तर एक इकडे, एक तिकडे. मग कितीही खिळे शोधले असते तरी उपयोग नव्हता. त्या माणसाने उन्हाळाभर श्वास रोखून जे केलं होतं त्याच्याच जोरावर मी जिंकले होते. हे त्यांना सांगावं म्हणून मी उठले. त्यांनी खिडकीची काच वर केली. बाहेर धो धो पाऊस होता, तरी ते बाहेर बघत राहिले आणि मला सांगायचं होतं ते राहून गेलं.

पुढे नोकरी लागली. मी रिसोडला कार्यालयात टेबलावर बसते आणि लोकांना उद्या या म्हणून सांगते. पेढे घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी एक खाल्ला, बाकीच्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "लहानमोठे आहेत." त्यानंतर बोलणं असं उरलं नाही. गावी गेले की दवाखान्यामागचं पोतं दिसायचं. डॉक्टर आता आपल्याला शिकवत नाहीत याचं खरं तर वाईट वाटायला नको, पण मला वाटायचं. पुढच्या मुलींना ते माझं उदाहरण देत असं कानावर आलं. कसं करू नये याचं.

मागच्या पावसाळ्यात वाशीमला स्पर्धा झाल्या. खेळाडूंच्या जागेवरची बाई म्हणून साहेबांनी मला तिथल्या टेबलावर बसायला पाठवलं. दोन दिवसांपासून रिपरिप चालू होती. दुपारी मैदानाच्या कडेला ताडपत्रीखाली डॉक्टर दिसले. निवृत्त झालेले, केस पांढरे, मांडीवर तीच पिशवी. त्यांच्या हाताखालची मुलगी आसेगावकडची होती. शेतकऱ्याच्या घरची, उंच, शांत. तिचे बाण मी टेबलावरून बघत होते. सहाच्या सहा उजवीकडे, मुठीएवढ्या जागेत.

मी उठून ताडपत्रीजवळ गेले. डॉक्टरांनी मला पाहिलं, ओळख दाखवली नाही. फेरी संपवून ती मुलगी दोरीपाशी आली. रडली नव्हती, पण ओठ घट्ट मिटलेले.  डॉक्टरांनी पिशवीचा बंद उगाच सोडला, उगाच बांधला.

"डावीकडं धर," ते हळूच म्हणाले.

मुलीला कळलं नाही. "काय धरू?"

"नेम. डावीकडं. पाटीच्या कडेले."

ती त्यांच्याकडे अशी बघू लागली की जणू त्यांनी तिला पेपर फोडायला सांगितलं आहे. "डॉक्टर, खोट्यावर नेम धरायचा नाही, तुमीच सांगतलं. त्यापेक्षा हरलेलं बरं, असं म्हणे तुमी."

 पंच पुढच्या फेरीसाठी मुलींना बोलावत होता. मुलगी हटायला तयार नव्हती. त्यांनीच घडवलेली होती ती, सरळ आणि अजिबात न वाकणारी. डॉक्टरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं.

"हिले तू सांग कसं करते ते," ते म्हणाले. "मले ते येत नाही."